शालिकभाऊंचा आभाळी

देवळीत माझं रंगाचं दुकान आहे. गावातला झाडून प्रत्येक पेंटर माझ्या काउंटरवर कोपर टेकून गेलेला आहे. कामसू, कामचुकार, तोंडाळ, मुखदुर्बळ, सगळे नमुने पाहून झाले. पण कामाच्या पहिल्या दिवशी ब्रश घरी ठेवून, धुतलेला पांढरा शर्ट घालून निघणारा पेंटर मी एकच पाहिला. ते शालिकभाऊ. आता त्यांनी काम सोडलं आहे. बायकोच्या माहेरी नदीकाठच्या वावरात ते वांगी आणि टमाटर लावतात, आणि भेटले की बाजारभावाबद्दल, औषधफवारणीबद्दल बोलतात. मी मान डोलावतो, पण मनात म्हणतो की हा माणूस मला ठाऊक नाही. मला ठाऊक असलेला माणूस वेगळा होता आणि त्याच्याबद्दल कुणीतरी लिहून ठेवायला हवं.

तर पहिल्या दिवसाची गोष्ट. घरच्यांनी पहाटेपासून राबून कपाटं मधोमध ओढलेली असत, त्यांवर जुन्या साड्या टाकलेल्या असत, देव स्वयंपाकघरात नेऊन ठेवलेले असत. आणि हे महाशय हात हलवत यायचे नि म्हणायचे, आज काम नाही, आज बसू द्या. सामान परत जागच्या जागी लावायला लावायचे. मग ते बसायचे. थोडा वेळ खुर्चीवर, थोडा वेळ दिवाणाच्या कडेला, मग जमिनीवर भिंतीला पाठ टेकून. चहा घ्यायचे. घरातलं कोण कुठं बसतं, कुणीकडे तोंड करून बसतं, उन्हाची तिरीप कधी आत येते, हे सगळं पाहायचे. गिऱ्हाईक आतल्या आत चडफडायचं, पण शालिकभाऊंना घाई करा म्हणणारा अजून जन्माला यायचा होता.

या बसण्याला कारण होतं. गेल्या दहा-बारा वर्षांत आमच्याकडेही ती फॅशन आली, तीन भिंती फिक्या आणि एक गडद. पुण्याला नोकरी करणारी पोरं मोबाइलवर फोटो घेऊन येतात आणि माझ्या काउंटरवर ठेवतात. पेंटर लोक त्या गडद भिंतीला हायलाइट म्हणतात. इतर पेंटर ती डोळे मिटून टीव्हीच्या मागे काढायचे, कारण फोटोत ती टीव्हीच्या मागेच असते. शालिकभाऊ म्हणायचे, "टीव्हीमांगच्या भिंतीकडे कोण पाह्यते जी? लोकं तं टीव्ही पाह्यतात." त्यांच्या मते खोलीला भिंती चार असल्या तरी घर एकाच भिंतीकडे पाहतं आणि ती कोणती हे घराला स्वतःला माहीत नसतं. ती शोधायला एक दिवस लागतो. मला हे आधी सोंग वाटायचं.

मग आमच्या गल्लीतल्या सोयाबीनच्या व्यापाऱ्याचं घर रंगवायला निघालं. त्याच्या मुलाला टीव्हीमागे मरून रंग हवा होता, मरून म्हणजे मरूनच. शालिकभाऊ सकाळभर बसले आणि उठून उलट्या बाजूच्या भिंतीवर हात ठेवला. व्यापाऱ्याच्या आईचे गुडघे गेलेले, ती दिवसभर दिवाणावर बसून तांदूळ निवडायची, लसूण सोलायची, आणि टीव्हीकडे तिची पाठ असायची. तिच्या समोर होती कॅलेंडर लटकवलेली कोरी भिंत. मुलगा तापला. म्हणाला, पाहुणे आल्यावर काय पाठीमागे वळून पाहतील? शालिकभाऊ त्या म्हातारीजवळ जाऊन बसले आणि कोणता रंग लावू म्हणून विचारलं. ती म्हणाली, काहीही लाव बापा, मले काय करायचं. मग चहाच्या दुसऱ्या कपाला तिनं आपल्या माहेरच्या तुरीच्या वावराची गोष्ट काढली, फुलावर आलेल्या तुरीची. शालिकभाऊंनी त्या फुलांचा पिवळा भिंतीवर आणला. भडक नाही, फिका नाही, तुरीच्या फुलाचाच. त्यानंतर त्या घरात जो तो म्हातारीच्या शेजारी जाऊन बसायला लागला, कारण तिथून भिंत चांगली दिसायची. सहा महिन्यांनी मुलानं गुपचूप टीव्ही काढून पिवळ्या भिंतीशेजारी लावून घेतला. मरूनचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही.

हा पिवळा त्यांनी कसा केला, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पांढऱ्या रंगाची बादली घ्यायची आणि तिच्यात स्टेनर टाकत जायचं. स्टेनर म्हणजे नुसत्या गडद रंगाच्या छोट्या बाटल्या, पाच थेंब टाकले तरी बादलीचा नूर बदलतो. रंगांचे नमुने छापलेलं शेडकार्ड ते हातात धरत नसत. रंग डोक्यात आहे म्हणायचे. ढवळायचे, बोट बुडवायचे आणि डाव्या हाताच्या कोपराखाली एक पट्टा ओढायचे. तो वाळेपर्यंत माझ्या दुकानात बसून गप्पा. वाळला की उन्हात धरून पाहायचे आणि आणखी दोन थेंब टाकायचे. त्यामुळे गावात कुणाकडे काय काम चाललंय हे त्यांच्या डाव्या हातावरून कळायचं. बस स्टँडवर चहा पिताना लोक त्यांचा हात धरून विचारायचे, हा हिरवा कोणाकडचा? ते नाव सांगायचे, पण कोणत्या भिंतीचा ते सांगायचे नाहीत. म्हणायचे, जाऊन पाहा, चहा तरी मिळेल.

माझ्या दुकानात रंग मिसळायचं मशीन आलं तेव्हा त्यांना राग आला. मशीनचा नाही, माझा. दोन दिवस ते दुकानात फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले ते खिशात पळसाचं पान घेऊन. म्हणाले, याचा रंग काढायला सांगा तुमच्या मशीनला. मी शेडकार्ड उघडलं, पान शेजारी धरलं, सगळ्यात जवळचा नंबर दाबला, मशीन गुरगुरलं आणि डबा तयार झाला. त्यांनी शेजारी बसून बादलीत आपला केला. दोन्ही रंग पुठ्ठ्यावर लावून आम्ही दुकानासमोर उन्हात ठेवले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारलं, पळस कोणता? नऊ जणांनी शालिकभाऊंच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं. दहावा माझा साळा होता, त्यानं माझी बाजू घेतली. शालिकभाऊंनी जिंकल्याचा काहीही गाजावाजा केला नाही, उलट मशीनवरून हात फिरवून म्हणाले, "चांगलं आहे जी. पण यानं पळस पाह्यला नाई, याचा काय दोष." त्यानंतर मात्र ते मशीनशी फार आदरानं वागायचे, अगदी गावात नवीन आलेल्या साहेबाशी वागावं तसं.

त्यांची आणखी एक रीत होती आणि पुढं सगळं तिच्यामुळेच घडलं. काम संपलं की शेवटच्या दिवशी त्या घरी जेवायचं. हे त्यांनी मागून घेतलेलं असे, कामाच्या बोलीतच ते ठरायचं. घरची बाई बहुतेक रोडगे नि वांग्याची भाजी करायची. शालिकभाऊ हातपाय धुऊन, केस विंचरून, त्या नव्या भिंतीकडे तोंड करून ताटावर बसायचे. तीन-चार घास झाले की वर न पाहता विचारायचे, "जमलं का जी?" मग घरातला एकेक जण म्हणायचा, जमलं, मस्त जमलं. मग ते पोटभर जेवायचे. आता आमच्याकडची रीत अशी की माणूस ताटावर बसला की त्याला कडू बोलायचं नाही. वैरी असला तरी हात धुवेपर्यंत थांबायचं. त्यामुळे शालिकभाऊंच्या पंचवीस-तीस वर्षांच्या कामात न जमलेली भिंत एकही नव्हती. जमतही होतंच म्हणा. पण समजा एखाद्या दिवशी जमलं नसतं, तर ते त्यांना कळायची काही सोयच नव्हती.

आणि मग ते न जमायला लागलं.

हे सगळ्यांच्या आधी मला कळलं, कारण निळ्या स्टेनरच्या बाटल्या माझ्या दुकानातून जात होत्या. आधी एका घराला एक बाटली पुरायची, मग दोन जायला लागल्या, मग तीन. निळ्याचा खप इतका कसा वाढला म्हणून मी एका घरी काही निमित्त काढून डोकावलो. घरच्यांनी आभाळी, म्हणजे आभाळासारखा फिका निळा, मागितला होता. भिंतीवर जो होता तो बाईनं कपड्याला नीळ देताना डबाच उपडा केल्यासारखा होता. वरचं छतही निळसर मारत होतं, कारण पांढऱ्यातही शालिकभाऊ आता निळा टाकत होते, पांढरा पिवळा दिसतो म्हणून. घरमालक माझ्याकडे पाहून ओशाळं हसला आणि म्हणाला, आजकाल असाच चालतो म्हणतात. मी म्हणालो, हो, चालतो. बाहेर आल्यावर माझी मलाच लाज वाटली.

तिथंच मी बोलायला पाहिजे होतं. पण शालिकभाऊंना रंग चुकला म्हणून सांगणं म्हणजे आचाऱ्याला तुझ्या जिभेची चव गेली म्हणून सांगण्यासारखं. मी आज सांगू, उद्या सांगू करत राहिलो. आणि गावाचं नवल असं की तो निळा चालायला लागला. शालिकभाऊंनी लावला म्हणजे त्यात काहीतरी असणार, असं म्हणून दुसऱ्यानं मागितला, मग तिसऱ्यानं. लोक दुकानात येऊन शालिकभाऊंचा निळा द्या म्हणायला लागले. दोन वर्षांत गावात सहा भिंती तशा झाल्या. सातवी पुलगावला, त्यांच्या मुलीच्या, वंदनाच्या घरी. तिनं दोन खोल्यांचं घर बांधलं तेव्हा बापाकडे एकच गोष्ट मागितली होती. लहानपणी देवळीच्या त्यांच्या स्वयंपाकघराला चुन्यात किंचित नीळ घालून आभाळी रंग दिलेला असायचा, तसाच तिला बसायच्या खोलीत एका भिंतीला हवा होता. शालिकभाऊंनी चार दिवस पुलगावला मुक्काम करून तो लावला, परत येऊन मला मिठाई दिली आणि सांगितलं की उभ्या आयुष्यात इतका हुबेहूब रंग आपल्या हातून झाला नव्हता.

शेवटी बोलल्या त्या शेंडे बाई. या आमच्या प्राथमिक शाळेतल्या निवृत्त शिक्षिका, शालिकभाऊंना चौथीला होत्या आणि मलाही. त्यांच्या दिवाणखान्याचं काम झालं. शेवटच्या दिवशी ताट वाढलं नव्हतं. शालिकभाऊ हातपाय धुऊन आले तर बाई दारात उभ्या. आधी बोलते, मग वाढते, म्हणाल्या. मी तिथं उरलेली बादली न्यायला गेलो होतो, म्हणून हे ऐकलं.

"शालिक, मी तुले काय सांगितलं होतं?"

"आभाळी, बाई."

"आणि हा कोणता आहे?"

शालिकभाऊंनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की आभाळीच आहे. बाईंनी आतून एक पांढरी आणि एक फिकट पिवळी अशा दोन साड्या आणल्या आणि यातली पांढरी कोणती म्हणून विचारलं. शालिकभाऊ बराच वेळ साड्या चाचपत राहिले. मग त्यांनी एक उचलली. चुकीची होती.

"तुये डोळे दाखव उद्याच्या उद्या," बाई म्हणाल्या. "आता बस, वाढते."

त्या दिवशी त्यांनी जमलं का म्हणून विचारलं नाही. जेवले मात्र व्यवस्थित, बाईंच्या हातची कढी दोनदा मागून घेतली.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला, चांगला पिकलेला. वर्ध्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावलं की हा पडदा पिवळट असतो, हळूहळू दाटत जातो, त्यातून निळा रंग मरतो आणि पांढऱ्यावर पिवळी झाक येते. माणसाला पत्ता लागत नाही, कारण जग एका दिवसात पिवळं होत नाही. शेडकार्ड समोर धरून रंग जुळवला असता तरी निभावलं असतं. पण हे जुळवायचे ते डोक्यातल्या आभाळाशी, आणि ते आभाळ अजून लख्ख होतं. बादलीतला रंग तसा दिसेपर्यंत ते निळा टाकत जायचे. आधी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, डाव्याची तारीख दीड महिन्यानं मिळाली.

पंधरा-वीस दिवसांनी ते काळा चष्मा लावून दुकानात आले. चष्मा काढला आणि माझ्या पाठीमागच्या भिंतीकडे पाहत विचारलं की ही कधी रंगवली? मी म्हणालो, रंगवली नाही, आहे तशीच आहे. त्यांनी तळहातानं एक डोळा झाकला, मग दुसरा. या डोळ्यानं भिंतीवर चहा सांडल्यासारखा दिसतो आणि या डोळ्यानं दूध, असं म्हणाले आणि हसले. मग निळ्याची बाटली मागितली. कोपराखाली पट्टा ओढला, वाळू दिला आणि दारात उन्हात जाऊन हात धरला. उजवा डोळा, डावा डोळा, परत उजवा. आत आले तेव्हा हसणं नव्हतं.

"शेट, तुमाले दिसत होतं ना?"

मी म्हणालो, हो.

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं, शालिकभाऊ."

"आता बरं वाटून राह्यलं का जी?"

माझ्याइतका त्यांच्या रोजच्या बैठकीतला माणूस गावात दुसरा नव्हता, आणि मी दोन वर्षं गप्प बसून निळ्या बाटल्या देत राहिलो. भिडेपोटी गप्प बसलो हे खरं. पण भीड ही आपल्याच सोयीची असते, हे मला त्या दिवशी पुरतं कळलं. ते मात्र माझ्यावर चिडले नाहीत. स्टुलावर बसले आणि काउंटरवरचं एक शेडकार्ड ओढून त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला सात नावं लिहिली. शेडकार्डाचा त्यांनी आयुष्यात केलेला हा एकमेव उपयोग. सगळ्यांकडे जायचं, चूक कबूल करायची आणि म्हणाल ती भिंत पुन्हा करून द्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं. बादल्या माझ्याकडून, असं मी ठरवलं. ते म्हणाले, तुम्हीही सोबत चला.

आम्ही निघालो. मला वाटलं होतं की हे फार अवघड जाईल, पण अवघड गेलं ते वेगळ्याच कारणानं. पहिल्या घरची बाई म्हणाली, अजिबात हात लावायचा नाही, माझ्या जावेनं वर्ध्याला हाच रंग बघून लावला, आता तिला काय सांगू? दुसऱ्या घरी म्हातारे गृहस्थ म्हणाले की आता डोळ्याला सवय झाली, फिका केला तर झोप यायची नाही. शालिकभाऊ त्यांना समजावून सांगायचे की हा रंग चुकलेला आहे, आणि लोक त्यांना समजावून सांगायचे की नाही, चांगला आहे. एका घरी तर या मुद्द्यावर चांगलीच जुंपली. पोस्टात काम करणारे एक गृहस्थ तेवढे खरे निघाले. शालिकभाऊंचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी मधला सोफा ओढायला घेतला. "दोन वर्षं झाले, त्या भिंतीकडे पाठ करून जेवतो बाप्पा. आत्ताच लावा," म्हणाले. शालिकभाऊंना त्या दिवसांत इतका आनंद दुसऱ्या कशानंच झाला नाही. परतताना रस्त्यात दोनदा म्हणाले, भला माणूस आहे. पोस्टवाल्यांची, शेंडे बाईंची आणि आणखी एक भिंत त्यांनी तीन आठवड्यांत बदलली. उरलेल्या तीन घरांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. आपल्या चुकीचीही फॅशन झाली म्हणून त्यांना हसू यायचं, आणि हसून झालं की ते खिशातली यादी काढून पाहायचे.

यादीत एकच नाव राहिलं होतं, वंदनाचं. तिच्याकडे जायचं ते टाळत होते हे मला कळत होतं. इतर सहा ठिकाणी गिऱ्हाईक होतं. इथं लेकीनं आयुष्यात एकदाच काही मागितलं होतं, आणि ते तिला मिळालं की नाही हे अजून त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. डाव्या डोळ्याची तारीख तीन दिवसांवर आली तेव्हा ते सकाळी दुकानात आले. डावा डोळा झाकून त्यांनी बादलीत आभाळी केला. त्याला तासभर लागला. पट्टा वाळल्यावर मी पाहिला आणि या वेळी खरं ते सांगितलं, की हा खरोखरच जमलाय. दुसऱ्या दिवशी आम्ही बादली एसटीत घालून पुलगावला गेलो.

वंदनाचं घर गिरणीच्या बाजूला आहे. जावई ड्यूटीवर गेले होते. तिनं दार उघडलं, बापाच्या हातातली बादली पाहिली आणि काय ते समजली. शालिकभाऊ उंबरठ्यातच थांबले. आत समोर ती भिंत होती आणि ती सातही भिंतींमध्ये सर्वांत गडद होती, कारण सगळ्यात जीव ओतून तीच केली होती. तिच्यापुढं वंदनानं एकही शोभेची वस्तू ठेवलेली नव्हती, एकही फोटो लावलेला नव्हता. इतका गडद रंग असलेल्या खोलीत माणूस काहीतरी लावून तो झाकतो. तिनं झाकला नव्हता.

"तुले कधी दिसलं व?" त्यांनी विचारलं.

"पह्यल्याच दिवशी, बाबा."

"मंग सांगाचं होतं ना."

"कशी सांगू? तुमी जेवून राह्यले होते."

वंदनानं पदरानं डोळे पुसले आणि मग बाप-लेक दोघंही सामान हलवायला लागले. राहू द्या म्हणण्याचा तिनं प्रयत्न केला नाही. मला वाटतं तिला बापाचं मन कळत होतं, भिंत तशीच राहिली असती तर ती त्यांना जन्मभर बोचली असती. त्यांनी खाली जुनी चादर अंथरली, कडांना पट्टी चिकटवली, बादलीचं झाकण काढून रंग ढवळला. मी मधे मधे लुडबुड करत होतो. रोलर रंगात बुडवून त्यांनी निथळवला आणि भिंतीसमोर उभे राहिले. मग तो ट्रेमध्ये परत ठेवला आणि वंदनाला खुर्ची मागितली.

ते खोलीच्या मधोमध खुर्चीवर बसले. उजव्या तळहातानं उजवा डोळा, ऑपरेशन झालेला, नीट झाकला आणि डाव्यानं भिंतीकडे पाहायला लागले. दोन मिनिटं झाली, पाच झाली. वंदना घाबरली. डोळा दुखतोय का म्हणून विचारत ती खुर्चीजवळ खाली बसली.

"दुखत नाई व. या डोळ्यानं अजून तोच दिसते. आपल्या स्वयंपाकघराचा. तू सांगितला होता, बिलकुल तसा. मी तुले तोच लावला होता."

वंदनानं बापासारखाच एक डोळा झाकला आणि त्यांच्या गुडघ्याला टेकून भिंतीकडे पाहिलं.

"मले नाई दिसत, बाबा."

"तुले नाई दिसणार."

रोलरवरचा रंग धरायला लागला होता. मी दुकानदार माणूस, मला राहवेना. मी म्हटलं, शालिकभाऊ, रोलर सुकते.

"सुकू द्या जी," ते भिंतीवरून नजर न काढता म्हणाले. "परवा हा डोळाबी चांगला होते. मंग हा रंग कोणालेच नाई दिसणार."